सही करण्याआधी विचारा: पॉझिटिव्ह आलं तर पुढे काय?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या, ३८ वर्षांच्या एका भगिनींनी लिहिलं आहे. त्या घरी शाळेच्या गणवेशांची शिलाई करतात, सासूबाई बिड्या वळतात, मुलगी तेरा वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात आशाताईंबरोबर दोन मुली आल्या आणि गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवरच्या एका संशोधनात भाग घ्याल का, असं विचारून गेल्या. योनीतला नमुना ब्रशने आपला आपणच घेऊन द्यायचा आणि पुढची पाच वर्षं अधूनमधून संपर्कात राहायचं. संमतीपत्र इंग्रजीत आठ पानांचं आहे, मराठीत दीड पानाचं. सासूबाई म्हणतात, "गरिबांवर प्रयोग करायला येतात, सही करू नकोस." नवऱ्याचं म्हणणं, तुला काही त्रासच नाही तर तपासायचं कशाला? त्यातच गल्लीतल्या एका बाईंनी अशीच तपासणी दुसरीकडे केली होती. 'पॉझिटिव्ह' असल्याचा फोन त्यांच्या नवऱ्याच्या मोबाइलवर आला, घरात मोठं भांडण झालं आणि पुढे काय करायचं हे त्यांना आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. मुली गुरुवारी परत येणार आहेत. सही करावी की नाही?

ताई,

आधी सासूबाईंविषयी. त्यांचं म्हणणं अडाणीपणाचं म्हणून उडवून लावू नका, त्याला आधार आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत बडोदा जिल्ह्यात मुलींना एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्याच्यावरची, लस देण्याचा एक प्रकल्प चालला होता. खम्मममध्ये वसतिगृहातल्या मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वॉर्डनच्या सह्या निघाल्या. प्रकल्पाच्या काळात काही मुली दगावल्या. चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध दिसला नाही, पण संमती घेताना झालेली हेळसांड उघडी पडली आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. पूर्व भागातल्या किती तरी घरांची सोयरीक तेलंगणातली. तिकडची बोलणी इकडे पोचली नसती तरच नवल. तेव्हा "प्रयोग करतात" या वाक्यामागे अनुभव आहे असं धरून चाला.

पण त्याच वाक्यात एक गृहीत दडलेलं आहे: नमुने आपले जातात आणि फायदा दुसऱ्याच कुणाचा होतो. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरबाबत ते तपासून पाहायला लांब जावं लागत नाही, आपल्याच जिल्ह्यातली बार्शी पुरेशी आहे.

१९८७ साली बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, भूम आणि परांडा तालुक्यांतल्या गावांत कॅन्सरचे नवे रुग्ण किती आणि कोणत्या अवयवाचे, याची ती नोंद. शहरात असं मोजताना दवाखान्यांची रजिस्टरं तपासली की बरंचसं कळतं. खेड्यातली बाई तेव्हा दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हती, म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरून लोकांना लक्षणं समजावून सांगत, कुणाला तसा त्रास आहे का विचारत आणि अशा बाईला तपासणीला आणत. त्या नोंदीतून दिसलं की तिथल्या बायकांमध्ये सगळ्यात जास्त कॅन्सर गर्भाशयाच्या मुखाचा होता. हे आकडे नसते तर पुढचं काही घडलं नसतं, कारण जो आजार कागदावरच नाही त्यासाठी पैसा आणि माणसं कुणी देत नाही.

पुढचं म्हणजे शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातला अभ्यास. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी बायका त्यात होत्या. गावांचे ५२ समूह करून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे चार गट पाडले. एका गटाला एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याला पॅप (गर्भाशयाच्या मुखावरच्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची तपासणी), तिसऱ्याला व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहायची तपासणी (हिला दवाखान्यात 'व्हाया' म्हणतात), आणि चौथ्या गटाला नेहमी मिळतात त्याच आरोग्यसेवा. सरासरी आठ वर्षं पाठपुरावा झाला आणि २००९ मध्ये निकाल छापून आला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या ३४,१२६ बायकांपैकी या कॅन्सरने ३४ जणी गेल्या. चौथ्या गटातल्या ३१,४८८ जणींपैकी ६४ गेल्या. म्हणजे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. ज्यांची एचपीव्ही चाचणी निगेटिव्ह होती, त्यांच्यातली एकही बाई त्या काळात या कॅन्सरने दगावली नाही. आज जगभर एचपीव्ही चाचणीला पहिलं स्थान दिलं जातं, त्याच्या मुख्य आधारांपैकी एक म्हणजे धाराशिवच्या या बायका.

याच अभ्यासावर सगळ्यात बोचरी टीकाही झाली, आणि ती तुम्हाला माहीत असायला हवी. चौथ्या गटाला तपासणी का दिली नाही? संशोधकांचं उत्तर होतं की तेव्हा देशात अशी तपासणी कुठेच नेमाने होत नव्हती, त्यामुळे त्यांच्याकडून काही काढून घेतलं नाही. टीकाकार म्हणाले, हा कॅन्सर आधी पकडता येतो हे ठाऊक असताना तीस हजारांवर बायकांना नुसतं पाहत राहणं योग्य नव्हतं. माझं मत टीकाकारांच्या बाजूला झुकतं. निदान आज, व्हाया तपासणी सरकारी कार्यक्रमात असताना, एखाद्या गटाला काहीच न देणारा अभ्यास मान्य करू नये. म्हणून तुमचा पहिला प्रश्न हा ठेवा: "या अभ्यासात वेगवेगळे गट आहेत का? मी कोणत्याही गटात गेले तरी मला कोणती तपासणी नक्की मिळणार?"

आता "त्रास नाही तर तपासायचं कशाला" याकडे वळू. ही तपासणी त्रास नसणाऱ्या बाईसाठीच असते. एचपीव्ही शारीरिक संबंधातून येतो आणि बहुतेक बायकांना आयुष्यात कधी ना कधी होतो. बहुतेकींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्या जणींत ठाण मांडून बसतो, पिशवीच्या तोंडावरच्या पेशी बदलू लागतात, आणि तिथून कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. या मधल्या काळात दुखत नाही, रक्त जात नाही. पकडायची वेळ तीच. तिशीच्या आत ही चाचणी सहसा करत नाहीत, कारण त्या वयात जाऊन-येऊन असणारा विषाणूच जास्त सापडतो आणि बाईला उगाच घोर लागतो. (एचआयव्ही असलेल्या बाईने मात्र पंचविशीपासून तपासावं, तेही जास्त वेळा.) तुमचं वय अगदी योग्य आहे. कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं असलं तरी तपासणी लागतेच.

त्रास असेल तर गोष्ट वेगळी. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त दिसणं, पाळी बंद झाल्यावर पुन्हा डाग पडणं, अंगावरून घाण वासाचं पाणी जाणं, यांपैकी काहीही असलं तर संशोधनाच्या मुलींची वाट पाहू नका. थेट सिव्हिलच्या स्त्रीरोग ओपीडीत जाऊन डॉक्टरांना तपासू द्या. आपण घेतलेल्या नमुन्याची चाचणी अशा वेळी पुरेशी नसते. हे सासूबाईंनाही सांगा. पाळी गेल्यावरचे डाग 'उष्णतेने' म्हणून अंगावर काढणाऱ्या बायका या वयात फार.

'पॉझिटिव्ह' या शब्दाने तुमच्या गल्लीत भांडण झालं, म्हणून त्यावर जरा थांबते. एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. पिशवीच्या तोंडाशी विषाणू सापडला, एवढंच. तो कधी आला आणि कुणाकडून आला हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. तो अनेक वर्षं गप्प राहून नंतरही दिसू शकतो. त्यामुळे त्या कागदावरून बायकोवरही संशय घेता येत नाही आणि नवऱ्यावरही. हे दोन-तीन वाक्यांत नवऱ्याला तपासणीच्या आधीच समजावून द्या, निकाल आल्यावर नको. जमलं तर आशाताईंच्या तोंडून त्यांच्या कानावर घाला.

पॉझिटिव्ह आल्यावर दवाखान्यात जावं लागतं आणि तिथे होतं काय, तर पिशवीच्या तोंडावर ३ ते ५ टक्के ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखं द्रावण लावतात आणि मिनिटभर थांबतात. बदललेल्या पेशींची जागा पांढरी दिसू लागते. थोडी चुरचुर होते, बाकी काही नाही. काही ठिकाणी दुर्बिणीतून पाहतात आणि कणभर तुकडा काढून तपासायला पाठवतात. जागा लहान आणि पूर्ण दिसणारी असेल तर सुमारे १०० अंश तापलेल्या उपकरणाचं टोक २०-३० सेकंद टेकवून ती जाळून टाकतात. भरती व्हावं लागत नाही, भूल लागत नाही, त्याच दिवशी घरी. नंतर काही आठवडे पाण्यासारखा स्राव जातो आणि महिनाभर संबंध टाळायचे असतात. हे नवऱ्याला आधी माहीत असलं तर पुढचा वाद वाचतो. जागा आतल्या नळीत शिरलेली असेल किंवा कॅन्सरचीच शंका असेल तर हा उपाय चालत नाही, मोठ्या दवाखान्यात जावं लागतं. उपचारानंतर वर्षभराने पुन्हा तपासणी असते.

असे अभ्यास नेमके इथेच ढासळतात. नमुना घेणं सोपं, प्रयोगशाळा आपलं काम करते, आणि पॉझिटिव्ह बाई घर ते दवाखाना या वाटेत हरवते. फोन चुकीच्या माणसाला जातो, दवाखान्याची वेळ आणि बिड्या मोजून द्यायची वेळ एकच येते, दिवसाची मजुरी बुडते, भीती वाटते, सांगायला कुणी नसतं. तुमच्या शेजारणीचं हेच झालं. उपचारापर्यंत न पोचवणारी चाचणी बाईला फक्त घोर देते, तिचा जीव वाचवत नाही. म्हणून सहीचा निर्णय याच एका गोष्टीवर घ्या: पॉझिटिव्ह आलं तर कुठल्या दवाखान्यात, कुठल्या वारी, कोण नेणार, उपचाराचा खर्च कुणाचा, आणि हे सगळं माहितीपत्रकात लिहिलेलं आहे का? तोंडी "काळजी करू नका, आम्ही आहोत" हे उत्तर धरू नका.

संमतीपत्राबाबतही तुम्हाला हक्क आहेत. इंग्रजीत आठ पानं आणि मराठीत दीड पान, हे चालत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या नियमांप्रमाणे माहितीपत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत, पूर्ण हवं. घरात तेलुगू बोलत असाल आणि मराठी वाचणं जड जात असेल तर तेलुगूत मागा, उर्दू किंवा कन्नडवाल्या शेजारणींनी त्यांच्या भाषेत मागावं. वाचता येत नसेल तर कुणी तरी मोठ्याने वाचून दाखवायला हवं आणि अंगठा घेताना संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. सही केलेली एक प्रत तुमच्याकडे राहते. केव्हाही, कारण न सांगता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे सरकारी दवाखान्यातला तुमचा कोणताही उपचार अडवता येत नाही. सज्ञान बाईच्या सहभागाला नवऱ्याची सही लागत नाही. घरात विचारणं वेगळं, कागदावर तुमचीच सही पुरते.

त्या कागदावर एथिक्स कमिटीचं नाव आणि फोन नंबर शोधा. संशोधनाला परवानगी देणारी ही समिती असते, तिच्यात डॉक्टरांखेरीज कायदा जाणणारी व्यक्ती आणि सामान्य नागरिकही असावे लागतात. तिचा नंबर नसेल तर तिथेच थांबा. नवीन औषध, लस किंवा उपचाराची चाचणी असेल तर 'सीटीआरआय' या सरकारी नोंदणीचा क्रमांकही मागा. तो संकेतस्थळावर टाकला की अभ्यास कुणाचा, कशावर, किती लोकांवर हे कुणालाही फुकट दिसतं. मोबाइल चालवणारी तुमची मुलगी ते पाच मिनिटांत शोधून देईल.

उरलेला नमुना साठवणार का, किती वर्षं, आणि त्यावर पुढे दुसरं संशोधन करणार का, यासाठी वेगळी संमती असते. तिथे 'नाही' म्हणूनही मुख्य अभ्यासात राहता येतं. निकालाच्या फोनसाठी स्वतःचा नंबर द्या आणि "दुसऱ्या कुणी उचलला तर काही सांगू नका" असं कागदावर लिहून घ्या. जाण्यायेण्याचं भाडं आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई मागण्यात लाज वाटून घेऊ नका. पण सहभागासाठीच भलीमोठी रक्कम कुणी पुढे केली तर सावध व्हा.

सही केलीत तर नमुना नीट घ्या, कारण बिघडलेला नमुना पुन्हा द्यावा लागतो. पाळीच्या दिवसांत घेऊ नका. आधी दोन दिवस योनीत गोळी, मलम किंवा आतून पाण्याने धुणं टाळा. हात साबणाने धुऊन कोरडे करा. ब्रशचं टोक कुठेही टेकवू नका, बोटानेही नको. उकिडवं बसून किंवा एक पाय स्टुलावर ठेवून ब्रश हलकेच आत सारा, साधारण बोटाच्या लांबीइतका, किंचित अडल्यासारखं वाटेपर्यंत. मग सांगितलेले फेरे द्या, बाहेर काढा आणि लगेच नळीत घालून झाकण घट्ट लावा. पिशवीच्या तोंडालाच लागला पाहिजे असं नाही. पीसीआर पद्धतीच्या चाचणीत असा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकाच भरवशाचा ठरतो. नळी देण्याआधी तिच्यावरचा क्रमांक तुमच्या प्रतीवरच्या क्रमांकाशी जुळवा. एका घरातून सासू-सून दोघींचे नमुने जातात तेव्हा अदलाबदल होते ती इथेच.

सही केली नाहीत तरी तपासणी सोडू नका. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी व्हाया तपासणी ठेवलेली आहे, जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशी करा. कागदावर योजना असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी देशात फक्त १.९ टक्के जणींची ही तपासणी कधी तरी झालेली निघाली. धाराशिवच्या बायकांनी दिलेलं ज्ञान त्यांच्या शेजारी राहणाऱ्यांपर्यंतही नीट पोचलेलं नाही, याचा मला फार त्रास होतो. व्हायाची मर्यादाही लक्षात ठेवा. ती पाहणाऱ्याच्या डोळ्यावर आणि द्रावणाच्या ताजेपणावर अवलंबून असते. धाराशिवच्या अभ्यासात एकदाच केलेल्या व्हायाने मृत्यूंत ठळक घट दिसली नाही. मुंबईच्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या केल्या, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे व्हाया करायची तर एकदा करून विसरायची नाही. पाळी गेलेल्या बायकांत ती फारशी उपयोगी नसते, कारण पाहायची जागा आत सरकलेली असते. सासूबाईंसाठी एचपीव्ही चाचणीच बरी. ती निगेटिव्ह आली तर पुढची निदान पाच वर्षं निश्चिंत.

मुलीचं वय लशीला योग्य आहे, बालरोगतज्ज्ञांशी बोला. खम्ममच्या वादानंतर २०१० मध्ये लशीवरचा दुसरा एक अभ्यासही मध्येच थांबला आणि हजारो मुलींना एकच डोस मिळाला. त्याचंही एक केंद्र बार्शीलाच होतं. दहा वर्षांच्या पाठपुराव्यात एका डोसचं संरक्षणही दोन-तीन डोसांच्या बरोबरीचं दिसलं, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या वयाच्या मुलींसाठी एक डोसही मान्य केला. लस आधी शिरलेला विषाणू काढत नाही, म्हणून ती लवकर द्यायची. तिशीनंतर तिलाही तपासणी लागेलच.

गुरुवारी त्या मुली आल्या की त्यांना बसवून, सासूबाईंच्या समोर हे प्रश्न विचारा. चांगल्या संशोधकाला प्रश्नांचा राग येत नाही. कागद दोन दिवस घरी ठेवून मग सही करते, असं म्हणायला तुम्ही मोकळ्या आहात. उपचाराची वाट लेखी मिळाली आणि कागद तुमच्या भाषेत आला तर माझा सल्ला सही करण्याचा आहे. नाही मिळाली तर आरोग्य केंद्र गाठा.

सगळ्यात तातडीचं काम मात्र तुमच्या शेजारणीचं आहे. त्यांचा अहवाल मिळाला नसेल तर तपासणी करणाऱ्यांकडून लेखी मागवून घ्या, तो त्यांचा हक्क आहे. टाळाटाळ झाली तर त्यांच्या संमतीपत्रावरच्या एथिक्स कमिटीच्या नंबरवर फोन करा. अहवालाची वाट पाहत महिने घालवू नका. पाळीचे दिवस सोडून सकाळी लवकर सिव्हिलला जा, केस पेपर काढून स्त्रीरोग ओपीडीत "एचपीव्ही पॉझिटिव्ह आहे, पुढची तपासणी झालेली नाही" एवढंच सांगा. दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर तेही आधी सांगायला हवं, कारण उपचार मग पुढे ढकलतात. त्यांना एकटीला पाठवू नका, तुम्ही बरोबर जा.